दूधभाताचा हिशेब

मुंबईच्या उपनगरांचा शेतीशी संबंध उरलेला नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे उच्चारली की डोळ्यांसमोर येतात त्या गर्दीने ओसंडणाऱ्या लोकल गाड्या, उंच इमारती आणि त्यांच्या पायथ्याशी तुंबलेले नाले. शेतीमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा विषय निघालाच, तर येथील सुशिक्षित मध्यमवर्गाला पंजाब-हरियाणातील पराळीचा धूर आठवतो आणि तो धूर दिल्लीकरांच्या वाट्याला जातो म्हणून चर्चा तेथेच थांबते. वास्तविक पाहता हा विषय या मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरातच आहे. मराठी घरातील लहान मूल ज्या दूधभातावर वाढते, त्यातील दूध आणि भात हीच भारतीय शेतीतून बाहेर पडणाऱ्या मिथेन वायूची दोन प्रमुख उगमस्थाने आहेत. गाय-म्हैस रवंथ करताना ढेकरांवाटे मिथेन सोडते आणि पाण्याने तुंबलेल्या भातखाचराच्या चिखलातून तोच वायू बुडबुड्यांच्या व रोपांच्या वाटेने वर येतो.

भारत सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या हवामानविषयक यंत्रणेला जो अहवाल सादर केला, त्यानुसार २०२० या वर्षी देशाच्या एकूण हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात शेतीचा वाटा १३.७२ टक्के होता. ऊर्जाक्षेत्राचा वाटा ७५ टक्क्यांहून अधिक आहे, त्यामुळे कोळसा आणि खनिज तेल यांच्यापुढे शेती हा लहान भागीदार आहे हे उघड आहे. शेतीच्या या हिश्श्यातील निम्म्याहून अधिक भाग रवंथ करणाऱ्या जनावरांचा, साधारण सहावा भाग भाताचा आणि जवळपास तेवढाच नत्रखतांचा आहे. मिथेन वातावरणात सुमारे बारा वर्षेच टिकतो, परंतु शंभर वर्षांच्या मापाने त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. नत्रखतांतून सुटणारा नायट्रस ऑक्साइड तर सुमारे पावणेतीनशे पट. मिथेन लवकर विरतो, म्हणूनच तो कमी केल्याचे फळ एका पिढीच्या आत दिसू शकते.

येथपर्यंत वाचल्यावर राष्ट्रीय विचारांच्या वाचकाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे, आणि ती रास्तही आहे. ज्यांनी दोनशे वर्षे कोळसा जाळून आपले कारखाने उभारले, तेच आता आमच्या गोठ्याकडे बोट दाखवीत आहेत काय? या शंकेला इतिहासाचा आधार आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने भारतीय भातशेतीतून दरवर्षी सुमारे ३ कोटी ७८ लाख टन मिथेन बाहेर पडतो, असा अंदाज मांडला होता. हा आकडा भारतातील एकाही खाचरात न उतरता काढलेला होता. पाश्चात्त्य देशांतील मोजक्या शेतांवर केलेली मोजमापे भारताच्या कोट्यवधी हेक्टर भातक्षेत्राला लावून तो सिद्ध झाला होता. जणू पलामूचे कोरडवाहू खाचर, कोकणातील उतारावरचे वरकस आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील तुडुंब भरलेले शेत ही सारी एकाच जातीची!

या आरोपाला भारताने निषेधाच्या ठरावाने उत्तर दिले नाही. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ज्येष्ठ वैज्ञानिक डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये देशव्यापी मोजणीमोहीम हाती घेण्यात आली. अनेक संस्थांचे संशोधक प्रत्यक्ष बांधावर गेले, खाचरात पेट्या ठेवून त्यांनी वायू गोळा केला आणि मोजला. निघालेला आकडा सुमारे ४० लाख टन होता, म्हणजे अमेरिकी अंदाजाच्या साधारण नवव्या हिश्श्याइतका. त्याच वर्षी अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी गरिबाच्या भातातून निघणारा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीतून निघणारा वायू एकाच तागडीत तोलण्याला जाहीर आक्षेप घेतला. पुढील साऱ्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत भारताची भूमिका याच पायावर उभी राहिली. २०२१ मध्ये ग्लासगो येथे अमेरिका आणि युरोपीय संघाच्या पुढाकाराने मिथेन घटविण्याची जागतिक प्रतिज्ञा झाली. दीडशेहून अधिक देशांनी आजवर तिला संमती दिली असली तरी भारताने तिच्यावर स्वाक्षरी केलेली नाही. ही भूमिका योग्यच आहे. प्रतिज्ञेचा पुढाकार घेणाऱ्या अमेरिकेनेच जानेवारी २०२५ मध्ये पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याची घोषणा केली, हे पाहता ती अधिकच योग्य ठरते. गाईगुरांच्या ढेकरांवर मूल्य आकारण्याची भाषा करणाऱ्या न्यूझीलंडने शेतकऱ्यांच्या रोषापुढे २०२४ मध्ये तो बेत गुंडाळला. डेन्मार्कने मात्र २०३० पासून पशुधनावर असा कर लावण्याचे ठरविले आहे. भारतात पशुधन बहुतांशी दोन-चार जनावरे बाळगणाऱ्या छोट्या शेतकऱ्याच्या दारात असते. त्याच्यावर असा कर ही कल्पनाही अन्यायाची आहे.

परंतु १९९१ च्या मोहिमेचा बोध अर्धाच घेतला जातो. परकीयांचा आकडा खोटा ठरला, एवढेच लक्षात राहते. आपला आकडा आपणच बांधावर उतरून मोजला आणि त्याची जबाबदारीही स्वीकारली, हे विसरले जाते. ४० लाख टन हा आकडाही शून्य नव्हे. शिवाय भारतीय शेतकऱ्याच्या दृष्टीने मिथेन हा वाया गेलेला चारा आहे, वाया गेलेले इंधन आहे. नायट्रस ऑक्साइड म्हणजे हवेत उडून गेलेला युरिया आहे, ज्याच्यासाठी लागणारा वायू मोठ्या प्रमाणावर आयात करावा लागतो आणि ज्याच्या अनुदानाचा बोजा करदाता वाहतो. तेव्हा कोण्या ग्लासगोसाठी नव्हे, तर स्वतःच्या गोठ्यासाठी आणि मातीसाठी हा हिशेब मांडावा लागेल. उपनगरांपुरता तो मांडायचा तर प्रारंभ तबेल्यापासून करणे भाग आहे.

मुंबईचे तबेले शहराबाहेर नेण्याचा विचार नवा नाही. दारा खुरोडी यांच्या कल्पकतेतून १९४९ मध्ये गोरेगावच्या टेकड्यांत आरे दुग्धवसाहत उभी राहू लागली, ती मुळात याचसाठी. शहरात दाटीवाटीने बांधलेल्या म्हशी मोकळ्या जागेत याव्यात, चाऱ्याची कुरणे जवळ असावीत आणि शेण-मूत्र त्याच कुरणांना खत म्हणून मिळावे, अशी ती आखणी होती. सुमारे १३०० हेक्टरांच्या या परिसरात बत्तीस तबेले उभे राहिले. आजच्या भाषेत ज्याला चक्रीय व्यवस्था म्हणतात, तिचे ते देखणे उदाहरण होते. पुढे कुरणे आक्रसली, वसाहती वाढल्या आणि चक्र तुटले. जोगेश्वरी, अंधेरी, दहिसर या भागांत खासगी तबेले होतेच. तेथे शेण धुऊन काढण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पाण्याचा फवारा आणि जवळचा नाला. ओशिवरा, पोयसर, दहिसर आणि मिठी या उपनगरांच्या नद्या. त्यांना नाले म्हणण्याची सवय लागण्यात सांडपाण्याइतकाच या शेणाचाही वाटा आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात तबेल्यांतील म्हशी बांधल्या जागी बुडून मेल्या, तेव्हा हा विषय काही महिने वृत्तपत्रांत गाजला. पालघर जिल्ह्यातील दापचरी येथे म्हशी हलविण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये दुग्धालये आणि गोशाळांसाठी शेणाच्या विल्हेवाटीची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. परंतु नाल्याचा मार्ग आजही पुरता बंद झालेला नाही.

हरितगृह वायूंच्या दृष्टीने यात एक गोम आहे. खेड्यात उन्हात वाळणाऱ्या गोवरीतून किंवा उघड्या उकिरड्यातून मिथेन तुलनेने थोडाच सुटतो, कारण तेथे हवा खेळती असते. तेच शेण पाण्याबरोबर खड्ड्यात वा नाल्याच्या तळाशी साचले की हवेवाचून कुजते आणि मिथेन तयार होतो. म्हणजे शेण तेच, म्हैसही तीच. उपनगरी तबेल्याच्या पद्धतीने त्याचे प्रदूषण होते आणि बंदिस्त टाकीत घातले तर त्याचेच इंधन होते. साधा हिशेब करून पाहावा. एका म्हशीचे दिवसाचे शेण कमीत कमी १० किलो धरले तर शंभर म्हशींच्या तबेल्यात रोज १००० किलो शेण पडते. २५ किलो शेणापासून साधारण एक घनमीटर वायू मिळतो, म्हणजे एकूण ४० घनमीटर. एक घनमीटर गोबर गॅस हा स्वयंपाकाच्या सुमारे ४३० ग्रॅम सिलिंडर-गॅसची जागा घेतो. गोळाबेरीज रोज १७ किलोंच्या घरात जाते. घरगुती सिलिंडरात १४.२ किलो वायू असतो. म्हणजे एका मध्यम तबेल्यातून दररोज सव्वा सिलिंडर नाल्यात सोडला जातो! वायू काढून घेतल्यावर उरलेला रबडा हे उत्तम खत असते, कारण त्यातील नत्र नष्ट होत नाही.

याहून मोठा विरोधाभास असा की, या तंत्राचे माहेरघर मुंबईच आहे. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून वायू निर्माण करून वापरल्याची नोंद आहे. पुढे जशभाई पटेल यांनी १९५१ मध्ये तरंगत्या झाकणाचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र तयार केले आणि साठच्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेले. या आयोगाचे मुख्यालय विलेपार्ल्यात, इर्ल्याला आहे. तेथून अंधेरी-जोगेश्वरीचे तबेले हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ! तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे ओल्या कचऱ्यापासून वायू व खत देणारे संयंत्र विकसित केले. त्यांना २०१३ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने घराच्या गच्चीवर मावेल असे, खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र बनविले आणि २००६ मध्ये त्याला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. विद्या घरात आहे, कच्चा माल दारात आहे, गिऱ्हाईक गल्लीत आहे. अडते ते जागेपाशी आणि रबड्याच्या वाहतुकीपाशी. उपनगरातील जमिनीच्या भावात टाकी बांधण्यापेक्षा नाला परवडतो, आणि पातळ रबडा ट्रकने पालघरच्या शेतापर्यंत नेण्याचा खर्च खताच्या किमतीला खाऊन टाकतो. केंद्राच्या २०१८ च्या ‘गोबरधन’ आणि ‘सतत’ या योजनांनी दाबयुक्त जैववायूला हमीची बाजारपेठ दिली आहे. तबेलेवाल्यांनी एकत्र येऊन सामाईक संयंत्र उभारले, महापालिकेने त्याला जागा दिली आणि पिळून कोरडा केलेला रबडा शेतीसाठी परत गेला, तर हे कोडे सुटण्यासारखे आहे. एकेकट्या तबेल्यावर दंड आकारून ते सुटणार नाही.

गोशाळांचा विषय याला लागूनच येतो. महाराष्ट्र शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ हा सन्मान दिला आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. त्याचे मनःपूर्वक स्वागत झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. या अनुदानाला एक अट जोडावी, असे येथे सुचवावेसे वाटते. ज्या गोशाळेत ठरावीक संख्येहून अधिक गाई असतील, तेथे दोन-तीन वर्षांत गोबर गॅस संयंत्र चालू स्थितीत असलेच पाहिजे. चालू स्थितीत हे शब्द महत्त्वाचे, कारण उद्घाटनाच्या हारासह गंजलेली संयंत्रे महाराष्ट्राने पुष्कळ पाहिली आहेत. उत्तनच्या केशवसृष्टीसारख्या ठिकाणी गोशाळा आणि शेती एकाच परिसरात आहेत. बोरिवली-भाईंदरच्या कुटुंबांनी सुट्टीच्या दिवशी तेथे जाऊन मुलांना शेणापासून मातीपर्यंतचा प्रवास दाखवावा.

येथे एक गोष्ट भावनेच्या भरात न जाता बोलली पाहिजे. देशी गाय मिथेन सोडत नाही, असे काही ठिकाणी उत्साहाने सांगितले जाते. ते खरे नाही. रवंथ करणाऱ्या प्रत्येक प्राण्याच्या पहिल्या पोटात तृणाचे पचन करणारे जीवाणू असतात आणि मिथेन हा त्या पचनाचा अटळ भाग आहे. गाईच्या माहात्म्याला या सत्याने बाध येत नाही. असत्याने मात्र निश्चित येतो, कारण विरोधकाला टर उडविण्यास ते पुरेसे ठरते. फरक पडतो तो चाऱ्याने. निव्वळ भाताचा पेंढा आणि वाळलेले गवत चघळणाऱ्या जनावराच्या दर लिटर दुधामागे मिथेन अधिक पडतो. हिरवी वैरण, पेंड आणि खनिजे यांचे प्रमाण साधले की दूध वाढते आणि लिटरमागचा वायू घटतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमात ही घट दहा टक्क्यांहून अधिक आढळली आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरितधारा’ हे पूरक खाद्य तयार केले आहे, त्याचाही उपयोग सिद्ध होत आहे.

मुंबईच्या तबेल्यांबाबत आणखी एक कटू वस्तुस्थिती आहे. गुजरात-हरियाणातून आणलेली ऐन भरातील म्हैस येथे एक-दोन वेते दूध देते. दूध आटले की तिला पोसण्याइतकी जागा उपनगरात नसते आणि पुष्कळदा तिची वाट कत्तलखान्याकडे जाते. वासरू-पारडू तर त्याआधीच दगावलेले असते. ज्या जनावराला तीन-चार वर्षे वाढविण्यात एवढा चारा खर्ची पडला, त्याचे आयुष्य दोन वेतांत संपविणे हे गोवंशविचाराच्या आणि दयेच्या दृष्टीने तर निंद्य आहेच. वायूच्या हिशेबातही ती शुद्ध उधळपट्टी आहे, कारण वाढीच्या वर्षांचा सारा मिथेन त्या थोडक्या दुधाच्या माथी येतो. ताज्या, घट्ट म्हशीच्या दुधासाठी लिटरमागे जास्तीचे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने आपल्या तबेलेवाल्याला भाकड म्हशीचे पुढे काय होते, हा एक प्रश्न जरूर विचारावा.

आता भात. घाटकोपरला किंवा मुलुंडला कर्जत लोकल पकडावी. कल्याण, बदलापूर मागे पडले की पावसाळ्यात दोन्ही बाजूंना खाचरेच खाचरे दिसू लागतात. कोकणच्या भातशेतीची रीत या वाचकांपैकी अनेकांनी बालपणी पाहिलेली आहे. थंडी सरता सरता फांद्या, पालापाचोळा, गोवऱ्या दाढीच्या जागेवर पसरून राब भाजायचा, मृगाला त्यावर पेरायचे, मग गुडघाभर पाण्यात औत फिरवून चिखलणी करायची आणि आवण उपटून लावणी. या रीतीत वायूची दोन छिद्रे आहेत. राबाचा धूर हे एक. त्यासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात आणि जे खत होऊ शकले असते, त्याची राख होते. दुसरे छिद्र चिखलणीचे. चिखल करून पाणी तुंबविले की मातीतील हवा संपते, मिथेन करणारे जीवाणू जोमाने कामाला लागतात आणि भाताच्या पोकळ कांड्यातून तो वायू नळीतून निघावा तसा वर येतो.

नेरळजवळ सगुणा बागेत शेखर भडसावळे यांनी विकसित केलेले ‘सगुणा राईस तंत्र’ या दोन्ही छिद्रांवर बोट ठेवते. त्यात राब नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. एकदाच गादीवाफे करायचे आणि पुढे वर्षानुवर्षे ते मोडायचे नाहीत. लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर खाचा पाडून बी टोकायचे. कापणीच्या वेळी रोप उपटायचे नाही, मुळे जमिनीतच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यावर नांगरट न करता वाल, हरभरा असे कडधान्य घ्यायचे. मातीत हवा राहते, सेंद्रिय कर्ब वाढतो, गांडुळे परततात आणि लावणीच्या मजुरीचा खर्च वाचतो. कृषी विभागाच्या साहाय्याने हे तंत्र कोकणात आणि बाहेरही पसरले आहे. या तंत्रावर एक आक्षेपही आहे आणि तो दडवू नये. नांगरट नाही म्हटल्यावर तण आवरण्यासाठी ते तणनाशकांवर, विशेषतः ग्लायफोसेटवर, बरेच विसंबते. या रसायनाच्या वापरावर निर्बंध आणणारा आदेश केंद्राने २०२२ मध्ये काढला होता. नैसर्गिक शेतीचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचत नाही. उलट, तणनाशक नको म्हणणाऱ्यांकडे मजूर कोठून आणायचा याचे उत्तर नसते. दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते एकाच बांधावर बसले, तर आच्छादन आणि आंतरपिके यांतून मधला मार्ग सापडू शकेल.

दुसरा मार्ग याहून जुना आणि अधिक सौम्य आहे. डॉ. ना. कृ. सावंत यांनी कोकणातील शेतकऱ्यांबरोबर काम करून ‘चारसूत्री भातशेती’ बसविली. तिच्यात भाताचे अवशेष जमिनीला परत द्यायचे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात घालायचा, नियंत्रित अंतरावर लावणी करायची आणि युरिया-डीएपीच्या छोट्या गोळ्या चार चुडांच्या मध्यभागी हाताने खोल खोचायच्या. यातील चौथे सूत्र हवामानाच्या दृष्टीने मोलाचे आहे. वरून फेकलेला युरिया पाण्याबरोबर वाहतो आणि हवेत उडतो, खोचलेली गोळी मुळांना सावकाश मिळत राहते. खत वाचते, पैसा वाचतो आणि नायट्रस ऑक्साइडचे निमित्तही कमी होते. मिथेनसाठी मात्र हिरव्या पाल्याचा अतिरेक तुंबलेल्या पाण्यात करू नये, एवढे तारतम्य हवे. खाचर आलटून पालटून भिजविणे आणि सुकविणे ही फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पुरस्कारलेली पद्धत मिथेन निम्म्यापर्यंत कमी करू शकते. परंतु आषाढातील कोकणात आभाळच फाटलेले असताना खाचर सुकविणार कसे? ती पद्धत शोभते कर्जत तालुक्यात राजनाल्याच्या पाण्यावर होणाऱ्या उन्हाळी दुबार भाताला, जेथे पाण्याची चावी माणसाच्या हाती आहे. पाणी वाचले तर ते शेवटच्या शेतापर्यंत पोहोचेल, हा त्यातील आणखी एक लाभ.

मिथेन कमी केल्याबद्दल शेतकऱ्याला पैसे मिळवून देणाऱ्या कार्बन-व्यापाराच्या कंपन्या आता महाराष्ट्रातही फिरू लागल्या आहेत. या वाटेने जाताना सावध राहिलेले बरे. व्हेरा या आंतरराष्ट्रीय प्रमाणन संस्थेने २०२४ मध्ये चीनमधील भातशेतीचे ३७ प्रकल्प रद्द केले, कारण कागदावरील घट शेतात सिद्ध होत नव्हती. शिवाय येथील शेतकऱ्याने घटविलेला वायू विकत घेऊन परदेशातील विमान कंपनीने आपले उडणे निष्पाप ठरवावे, हा व्यवहार १९९१ च्या त्या आकड्याइतकाच तिरपा आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि भारतीय किसान संघासारख्या संघटनांनी करारांतील बारीक अक्षरे शेतकऱ्याला मराठीतून समजावून द्यावीत. संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंचपरिवर्तनात पर्यावरण आहे, तसाच ‘स्व’चा बोधही आहे. २०२१ च्या वर्षप्रतिपदेला भूमी सुपोषण अभियान सुरू झाले, तेव्हा गावोगावी मातीचे पूजन झाले. त्याच गावांत मातीपरीक्षणाची आणि गोबर गॅसची नोंदवही उघडणे हे त्या पूजनाचे पुढचे पाऊल ठरेल.

उपनगरांतील गृहिणीने काय करायचे, असा प्रश्न येईल. ओला कचरा वेगळा ठेवणे हे तिला शंभरदा सांगून झाले आहे, आणि तिने तो वेगळा ठेवल्यावर गाडीत तो पुन्हा एकत्र होतो ही तिची तक्रारही खरी आहे. मुलुंडची कचराभूमी अर्धशतक धुमसून २०१८ मध्ये बंद झाली. तेथून येणारा वास हाही अंशतः त्याच वायुनिर्मितीचा सोबती होता. मोठ्या सोसायट्यांनी ओल्या कचऱ्यावर आवारातच प्रक्रिया करावी, असा महापालिकेचा आग्रह २०१७ पासून आहे. त्या खताचे करायचे काय, या प्रश्नावर पुष्कळ सोसायट्या अडतात, कारण कुंड्यांना ते किती लागणार? शहापूर-वाड्याच्या भाजीवाल्या शेतकऱ्याची मोटार भाजी उतरवून रिकामी परत जाते. तिच्यात ही पोती चढविण्याची व्यवस्था एखाद्या शाखेने अथवा महिला मंडळाने केली, तर खर्च डिझेलचाही येणार नाही. तांदूळ घेतानाही विचारून घ्यावा. सगुणा किंवा चारसूत्री पद्धतीचा तांदूळ शेतकरी गटाकडून थेट इमारतीत आणणे फारसे अवघड नाही. धान्य महोत्सवांतून असे व्यवहार होतातच.

आणि उपनगरांतील असंख्य कुटुंबे केवळ गिऱ्हाईक नाहीत, ती सातबाऱ्यावरील नावेही आहेत. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात त्यांची दोन-पाच गुंठ्यांपासून एकरांपर्यंतची खाचरे आहेत. भाऊबंदकीच्या सामाईक उताऱ्यामुळे आणि मजूर मिळत नाही म्हणून त्यातील पुष्कळ पडीक पडली आहेत, उरलेली कोणीतरी अर्धेलीने जुन्याच रीतीने लावतो. गणपतीला गावी जाताना पोटरीत आलेले भात सर्वांना दिसते, पण तेव्हा त्या हंगामाचे सारे निर्णय होऊन गेलेले असतात. पुढल्या सालचा निर्णय दिवाळीच्या सुट्टीत घ्यावा लागतो. कापणीच्या वेळी मुळे उपटायची की ठेवायची, वाफे मोडायचे की राखायचे, मागून वाल टाकायचा की नाही, हे तेव्हाच अर्धेलीवाल्याशी बोलून ठरते. आणि एकदा थंडीत राबासाठी झाडे खांडायला सुरुवात झाली की ते वर्षही जुन्याच वाटेने जाते.